मोटारीच्या दारातील ध्वनिक्षेपक

मोटारीच्या दारातील ध्वनिक्षेपक, म्हणजेच बोलीभाषेतील डोअर स्पीकर, हे मोटारीतील ध्वनियंत्रणेचे एक प्रमुख अंग होय. गाडीत ऐकू येणाऱ्या संगीताचा आणि निवेदनाचा बहुतांश भाग पुढच्या दोन दारांतील ध्वनिक्षेपकांमधून येतो. घरगुती ध्वनिक्षेपक कारखान्यातूनच लाकडी पेटीत बसवून येतो. मोटारीत मात्र दार हीच ध्वनिक्षेपकाची पेटी असते. हे दार पातळ पत्र्याचे असते, त्याला अनेक भोके असतात, त्यात पावसाचे पाणी उतरते आणि काच वर-खाली करणारी यंत्रणाही त्यातच असते. त्यामुळे एकच ध्वनिक्षेपक दोन गाड्यांत दोन प्रकारे वाजतो. महागडा ध्वनिक्षेपक निष्काळजीपणे बसवला तर तो निस्तेज वाजतो आणि मध्यम प्रतीचा ध्वनिक्षेपक नीट बसवला तर समाधानकारक वाजतो. या कारणाने ध्वनिक्षेपकाची निवड आणि दाराची तयारी या दोन गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आज सर्वत्र वापरात असलेल्या चलकुंडल ध्वनिक्षेपकाचे व्यवहार्य रूप चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडले. १९३० मध्ये अमेरिकेतील गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने 'मोटोरोला' या नावाने मोटारीत बसवण्याचा रेडिओ बाजारात आणला. पुढे हेच नाव त्या कंपनीने स्वतः धारण केले. त्या काळी मोटारीत एकच ध्वनिक्षेपक पुरेसा समजला जाई. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा प्रसार झाल्यावर डाव्या आणि उजव्या बाजूला स्वतंत्र ध्वनिक्षेपकांची गरज निर्माण झाली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये सादर केलेल्या कॅसेटमुळे प्रवासात आपल्या आवडीचे संगीत ऐकणे सोपे झाले. गाडीच्या दोन्ही बाजूंना सहज उपलब्ध असलेली जागा म्हणून दारांचा वापर वाढत गेला.

ध्वनिक्षेपक आणि त्याची पेटी यांचा परस्परसंबंध गणिताने मांडण्याचे श्रेय नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांना दिले जाते. थील यांचा मूळ शोधनिबंध १९६१ मधील आहे आणि स्मॉल यांनी १९७० च्या दशकात त्याचा विस्तार केला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी प्राचले आजही ध्वनिक्षेपकाच्या माहितीपत्रकावर छापलेली असतात. एखाद्या विशिष्ट गाडीच्या अंतर्भागाचा अभ्यास करून तिच्यासाठीच ध्वनियंत्रणा घडवण्याची पद्धत बोस आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी १९८३ च्या मॉडेलांपासून रूढ केली.

कार्यतत्त्व

ध्वनिक्षेपकात चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते आणि ते शंकूच्या आकाराच्या पडद्याला जोडलेले असते. वेटोळ्यातून गाण्याच्या संकेतानुसार बदलणारा विद्युतप्रवाह वाहू लागला की ते पुढे-मागे हलते आणि पडदा हवेला ढकलतो. पडदा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या समोरच्या हवेत संपीडन होते आणि त्याच क्षणी पाठीमागे विरलन होते. म्हणजेच प्रत्येक ध्वनिक्षेपक एका वेळी दोन ध्वनितरंग निर्माण करतो आणि ते परस्परांच्या नेमके विरुद्ध असतात.

हे दोन तरंग एकत्र आले तर एकमेकांना नष्ट करतात. हा परिणाम खर्जाच्या बाबतीत सर्वांत तीव्र असतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्याने १०० हर्ट्‌झ वारंवारतेच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ३.४ मीटर भरते, तर १०,००० हर्ट्‌झच्या स्वराची केवळ ३.४ सेंटिमीटर. लांब तरंग अडथळ्याला वळसा घालून सहज पलीकडे जातात. त्यामुळे मागचा खर्ज पुढे येऊन पुढच्या खर्जाला खाऊन टाकतो. उघडा ध्वनिक्षेपक हातात धरून वाजवला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा चिरका येतो. तोच ध्वनिक्षेपक मोठ्या फळीला भोक पाडून घट्ट बसवला की खर्ज भरून येतो. फळीने दोन तरंगांची गाठ पडू दिली नाही, एवढेच त्याचे कारण. दारात करावयाच्या जवळजवळ सर्व कामांचा उगम या एका तत्त्वात आहे.

पेटी म्हणून मोटारीचे दार

दाराला साधारणपणे तीन थर असतात. सर्वांत बाहेर रंगवलेला पत्रा असतो. त्याच्या आत काचेची पोकळी सोडून दुसरा, भोके असलेला पत्रा असतो आणि त्यावर प्रवाशाच्या बाजूने प्लास्टिकचे आवरण असते. या आवरणाला गॅरेजमध्ये डोअर पॅड किंवा ट्रिम म्हणतात. आतल्या पत्र्याची मोठी भोके दुरुस्तीसाठी ठेवलेली असतात आणि कारखान्यात ती बहुधा पातळ प्लास्टिकच्या कागदाने झाकलेली असतात. हा कागद पाणी अडवतो, पण खर्ज अडवू शकत नाही. त्यामुळे मागचा तरंग या भोकांतून डोअर पॅडच्या मागे येतो आणि तेथून गाडीत शिरतो.

दुसरी अडचण पत्र्याच्या कंपनाची असते. ध्वनिक्षेपकाच्या हादऱ्याने पत्रा, आतील सळ्या, वायरी आणि प्लास्टिकच्या क्लिपा थरथरू लागतात. तंबोऱ्याचा भोपळा तारेच्या नादाला साथ देतो, कारण तो त्यासाठीच घडवलेला असतो. दाराचा पत्रा मात्र स्वतःचाच सूर मिसळतो. ऐकणाऱ्याला ही खरखर ध्वनिक्षेपकाचा दोष वाटते आणि तो नवा ध्वनिक्षेपक विकत घेतो. दोष दारात असल्याने नव्या ध्वनिक्षेपकानेही तो जात नाही.

प्रमुख प्रकार

दारात बसवण्याच्या ध्वनिक्षेपकांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

समाक्ष किंवा कोअॅक्सियल प्रकारात मोठ्या पडद्याच्या मध्यभागीच तार स्वरांसाठी छोटा ट्वीटर बसवलेला असतो. हा प्रकार स्वस्त असतो, बसवायला सोपा असतो आणि मूळ जागी थेट बसतो. मात्र दाराच्या तळाशी, पायांच्या पातळीवर असलेल्या ट्वीटरचा आवाज कानापर्यंत नीट पोहोचत नाही, कारण कमी तरंगलांबीचे स्वर सरळ रेषेत जातात आणि गुडघे व आसने त्यांना अडवतात.

विभक्त किंवा काँपोनंट प्रकारात खर्ज व मध्यम स्वरांचा ध्वनिक्षेपक दारात आणि ट्वीटर वर, आरशाजवळच्या त्रिकोणात किंवा डॅशबोर्डवर बसवला जातो. दोघांमध्ये स्वरांची वाटणी करणारे परिमंडल म्हणजे क्रॉसओव्हर असते. त्यातील धारित्र खर्जाला ट्वीटरपासून दूर ठेवते आणि वेटोळे तार स्वरांना मोठ्या ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवते. उदाहरणार्थ, ४ ओहमच्या ट्वीटरला ४,००० हर्ट्‌झच्या खालचे स्वर कमी करत नेण्यासाठी सुमारे १० मायक्रोफॅरड धारितेचे एक धारित्र पुरते. विभक्त प्रकारामुळे गायकाचा आवाज पायांतून न येता समोरून येत असल्याचा भास होतो.

निवडीचे निकष

आकार आणि खोली : दारांत ६.५ इंच, म्हणजे सुमारे १६.५ सेंटिमीटर व्यासाचा ध्वनिक्षेपक सर्वाधिक आढळतो. काही गाड्यांत ५.२५ किंवा ४ इंचांचे, तर काहींत ६×९ इंचांचे लंबगोल ध्वनिक्षेपक असतात. व्यासाइतकीच खोलीही महत्त्वाची असते. काच पूर्ण खाली उतरवून तिच्यापर्यंतचे अंतर मोजल्याशिवाय ध्वनिक्षेपक विकत घेऊ नये. चुंबक काचेला लागला तर काच अडकते किंवा तडकते. पुढच्या बाजूला डोअर पॅडच्या जाळीशी पडदा घासणार नाही, हेही पाहावे लागते.

संरोध : बाजारात ज्याला इंपिडन्स म्हणतात ते हे मूल्य मोटारीतील ध्वनिक्षेपकांत बहुधा ४ ओहम असते, तर घरगुती ध्वनिक्षेपकांत ते बरेचदा ८ ओहम असते. मोटारीत मिळणारा विद्युतदाब कमी असल्याने कमी संरोधातूनच पुरेशी शक्ती मिळते. मूळ यंत्राला चालणाऱ्या संरोधापेक्षा कमी संरोधाचा ध्वनिक्षेपक जोडल्यास यंत्र तापते आणि बिघडू शकते.

शक्ती : खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला 'कमाल' वॅटचा आकडा फारसा उपयोगी नसतो. सलग पेलता येणारी शक्ती आरएमएस या नावाने दिलेली असते आणि तिचाच विचार करावा. म्युझिक सिस्टीमवरील '५० वॅट × ४' या छापाचेही तसेच आहे. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. तेवढ्या दाबातून ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला विकृतीविना सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त २६ वॅट मिळू शकतात आणि प्रत्यक्षात १५ ते २० वॅट मिळतात. आवाज टोकाला नेऊन तरंगाचे शेंडे पूर्ण सपाट झाले, म्हणजेच ध्वनी अत्यंत विकृत झाला, तरच ५० हा आकडा गाठता येतो. यापेक्षा अधिक शक्ती हवी असल्यास स्वतंत्र अॅम्प्लिफायर लागतो.

संवेदनशीलता : १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हे मूल्य सांगते. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक होय. ९१ डेसिबलचा ध्वनिक्षेपक २० वॅटमध्ये जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी ८८ डेसिबलच्या ध्वनिक्षेपकाला ४० वॅट लागतात. स्वतंत्र अॅम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर अधिक संवेदनशीलतेचा ध्वनिक्षेपक निवडणे शहाणपणाचे ठरते. काही उत्पादक हे मूल्य १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टला देतात. ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकात तेवढा दाब २ वॅटइतका होतो आणि आकडा ३ डेसिबलने फुगतो. दोन माहितीपत्रकांची तुलना करताना हे तपासावे.

पडद्याचे साहित्य : कागदाचा पडदा हलका आणि नैसर्गिक स्वराचा असतो, पण त्यावर पाणीरोधक लेप असावा लागतो. पॉलिप्रॉपिलिनवर ओलाव्याचा परिणाम होत नाही. पडद्याच्या कडेची घडी रबराची असल्यास ती दीर्घकाळ टिकते. फोमची घडी उष्ण व दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते. कोकण व गोव्यासारख्या पावसाळी प्रदेशात ही बाब निर्णायक ठरते.

बसवणी

काम सुरू करण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवतात आणि काही मिनिटे थांबतात. त्यानंतर डोअर पॅडचे लपलेले स्क्रू काढून प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा सोडवतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यास पॅडला ओरखडे पडतात आणि क्लिपा तुटतात. तुटलेली क्लिप हे पुढे होणाऱ्या खडखडाटाचे नेहमीचे कारण असल्याने काही नव्या क्लिपा जवळ ठेवतात.

मूळ ध्वनिक्षेपक आणि नवा ध्वनिक्षेपक यांच्या छिद्रांची जागा क्वचितच जुळते. मधला दुवा म्हणून स्पेसर, म्हणजे जाड कडे वापरतात. ते पत्र्याला घट्ट आवळल्याने ध्वनिक्षेपकाला भक्कम आधार मिळतो आणि चुंबक काचेपासून दूर राहतो. एमडीएफचे कडे स्वस्त असते, परंतु दारातील ओलाव्याने ते फुगते. वापरायचेच असल्यास त्याला सर्व बाजूंनी रंग किंवा वॉर्निश द्यावे लागते. टणक प्लास्टिकचे किंवा अॅल्युमिनियमचे कडे अधिक टिकाऊ असते. कडे व पत्रा यांच्यामध्ये आणि कडे व ध्वनिक्षेपक यांच्यामध्ये फोमची पट्टी लावून फट बंद करतात. डोअर पॅडच्या जाळीभोवतीही अशीच पट्टी लावल्यास पुढचा आवाज पॅडच्या मागे न जाता सरळ गाडीत येतो.

मूळ वायरी न कापता गाडीच्या मॉडेलनुसार मिळणारे कपलर वापरणे इष्ट असते. त्यामुळे मूळ ध्वनिक्षेपक पुन्हा बसवता येतो आणि वॉरंटीबाबतचे वाद टळतात. अतिशय जाड वायरीची गरज नसते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन ८ मीटर लांबीला रोध सुमारे ०.१४ ओहम भरतो. ४ ओहमच्या तुलनेत हा अल्प आहे. स्वतंत्र अॅम्प्लिफायरपासून नवी वायर ओढताना ती दार व गाडीचा सांगाडा यांमधील रबरी नळीतूनच न्यावी लागते. उघड्यावर ठेवलेली वायर दाराच्या उघडझापीने तुटते.

जोडणीतील सर्वांत सामान्य चूक ध्रुवतेची असते. एका दारात धन व ऋण टोके उलट जोडली गेली तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि दोन्ही ध्वनिक्षेपक उत्तम असूनही खर्ज नाहीसा होतो. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर जोडून ही बाब तपासता येते. सेलचे धन टोक ध्वनिक्षेपकाच्या धन टोकाला लावताच पडदा बाहेर आला पाहिजे.

दाराची तयारी

दाराच्या तयारीत कंपन कमी करणे आणि भोके बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी येतात.

कंपन कमी करण्यासाठी ब्यूटिल रबरावर अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या डॅम्पिंग शीटचा उपयोग होतो. पत्रा वाकू लागला की रबराचा थर ताणला जातो आणि कंपनाची ऊर्जा अल्पशा उष्णतेत बदलते. त्यासाठी संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर आणि ध्वनिक्षेपकाच्या नेमक्या मागे लावलेले तुकडेही बराच फरक पाडतात. पत्रा स्वच्छ व कोरडा करून शीट रोलरने दाबून बसवावे लागते. डांबरी शीट स्वस्त असते, पण उन्हाळ्यात तापलेल्या दारात ते मऊ पडते, वास येतो आणि ते निसटते. अतिरेकी वापराने दार जड होऊन बिजागऱ्यांवर ताण येतो.

आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद केल्याने पुढचा व मागचा तरंग वेगळे होतात. त्यासाठी पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा कापून तो सोडवता येईल असा बसवतात, कारण पुढे काचेची यंत्रणा दुरुस्त करायची झाल्यास त्याच वाटेने हात घालावा लागतो. तयार झालेल्या दारात थोडी गळती राहतेच. बंद पेटीसारखी अचूकता तेथे अपेक्षित नसते.

पाणी आणि सुरक्षितता

काचेच्या बाहेरील रबरी पट्टीतून पावसाचे थोडे पाणी दारात उतरतेच आणि ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ही छिद्रे डॅम्पिंग शीटने बुजवल्यास पाणी साचून दार आतून गंजते. प्लास्टिकचा मूळ कागद काढून टाकला आणि त्याच्या जागी दुसरा अडसर दिला नाही तर पाणी डोअर पॅडमधून गाडीच्या जमिनीवर येते. ध्वनिक्षेपकाच्या मागे, वरच्या बाजूला पन्हळीसारखा छोटा आडोसा लावल्यास चुंबकावर थेट पाणी पडत नाही.

याहून गंभीर मुद्दा एअरबॅगचा आहे. अनेक आधुनिक गाड्यांत बाजूच्या धडकेची सूचना देणारा दाब-संवेदक दाराच्या पोकळीतच असतो. धडकेने बाहेरचा पत्रा आत दबताच पोकळीतील हवेचा दाब एकदम वाढतो आणि त्यावरून बाजूची एअरबॅग उघडण्याचा निर्णय होतो. दाराला नवी मोठी भोके पाडणे, कारखान्याने बंद ठेवलेला भाग उघडा सोडणे किंवा संवेदकाचे तोंड शीटने झाकणे यांमुळे हा निर्णय चुकू शकतो. संवेदकाचे कनेक्शन काढलेले असताना इग्निशन सुरू केल्यास डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. तसेच पुढच्या काचेलगतच्या खांबात पडदा-एअरबॅग असल्यास तेथे ट्वीटर बसवू नये, कारण ती उघडताना ट्वीटर प्रवाशावर फेकला जाऊ शकतो. अशा गाडीत उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना ध्वनीच्या गुणवत्तेहून वरचढ मानाव्या लागतात.

ध्वनीची जुळवणी

भारतातील गाड्यांत चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे उजव्या दारातील आवाज त्याला आधी आणि मोठा ऐकू येतो. हे अंतर उजवीकडे ७० सेंटिमीटर व डावीकडे १३० सेंटिमीटर असेल तर डावा आवाज सुमारे १.७५ सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. काही म्युझिक सिस्टीममध्ये जवळच्या ध्वनिक्षेपकाला तेवढाच विलंब देण्याची सोय असते. ती वापरल्यास गायक समोर मध्यभागी असल्याचा अनुभव येतो. गाडीत स्वतंत्र सबवूफर असल्यास दारातील ध्वनिक्षेपकांकडे सुमारे ८० हर्ट्‌झच्या खालचा खर्ज जाऊ देत नाहीत. त्यामुळे त्यांच्यावरील ताण आणि दाराचे कंपन दोन्ही कमी होतात.

काम तपासण्यासाठी परिचित ध्वनिमुद्रणे उपयोगी पडतात. डग्ग्याचा घुमारा सुटा व स्पष्ट यावा, त्यात पत्र्याचा खडखडाट नसावा. तंबोऱ्याची जवार कर्कश न होता ऐकू यावी आणि गायकाचे शब्द आवाज लहान असतानाही कळावेत. इंजिन बंद असताना एकेक दार स्वतंत्रपणे वाजवून आणि डोअर पॅडवर हाताचा दाब देऊन खरखरीची जागा शोधता येते.

श्रवणाचे आरोग्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तासांहून अधिक ऐकू नये. आवाज ३ डेसिबलने वाढला की हा सुरक्षित कालावधी निम्मा होतो. धावत्या गाडीत रस्त्याचा आणि इंजिनाचा गोंगाट झाकण्यासाठी श्रोता नकळत आवाज वाढवत जातो. गोंगाट कमी झालेल्या दारात आणि स्पष्ट ध्वनिक्षेपकातून तेच गाणे कमी आवाजात पुरेसे ऐकू येते. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा आणि इतर वाहनांचे हॉर्न चालकाला ऐकू यावेत, ही मर्यादा मात्र प्रत्येक यंत्रणेला लागू आहे.

खर्चाचा क्रम

मर्यादित रकमेत गुणवत्ता वाढवताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो : प्रथम सैल क्लिपा व वायरी बांधणे, नंतर भक्कम कडे आणि फोमच्या पट्ट्या, मग पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग शीट लावून भोके बंद करणे, त्यानंतर पुढचे ध्वनिक्षेपक बदलणे आणि शेवटी अॅम्प्लिफायर. मागच्या दारांतील ध्वनिक्षेपक केवळ मागे बसणाऱ्यांसाठी असतात. ते प्रारंभी बदलले नाहीत तरी चालकाच्या श्रवणात विशेष उणीव राहत नाही. या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्यांचा खर्च सर्वांत कमी असतो आणि मूळ ध्वनिक्षेपक न बदलताही त्यांचा परिणाम जाणवतो.